उन्हाळ्यात शोधावी लागणारी सीना नदी पावसाळ्यात सोलापूरची वाट का अडवते?

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की केगाव, कोंडी मागे पडतं. मग चिंचोळी एमआयडीसीच्या कारखान्यांची धुराडी दिसायला लागतात आणि थोडं पुढे गेलं की एक पूल येतो. गाडी पुलावरून जाते तेव्हा बहुतेकांचं लक्ष खाली नसतं, पलीकडच्या लांबोटीकडे असतं. कारण लांबोटी म्हटलं की आठवतो तो मक्याचा चिवडा. एसटी असो की खासगी गाडी, चहा-चिवड्यासाठी थांबा ठरलेला.

खाली असते सीना नदी. मार्च-एप्रिलमध्ये पाहिलं तर पात्रात बाभळी, थोडं साचलेलं पाणी आणि त्यात उतरलेल्या मोटारींचे पाइप दिसतात. बाहेरगावचा माणूस विचारेल, नदी कुठंय?

सप्टेंबर २०२५ मध्ये हा प्रश्न कुणी विचारला नाही. याच पुलाला पाणी टेकलं आणि सोलापूर-पुणे राष्ट्रीय महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. मुंढेवाडी आणि पाकणी या स्टेशनांच्या मधल्या रेल्वे पुलाखालीही पाण्याची पातळी वाढली आणि गाड्यांच्या वेळापत्रकावर परिणाम झाला. दक्षिणेला हत्तूरजवळ सोलापूर-विजयपूर महामार्ग बंद पडला. माढा तालुक्यातल्या दारफळ, उंदरगाव, वाकाव या गावांना पाण्यानं वेढा घातला. एनडीआरएफसोबत लष्कराची मदत घ्यावी लागली. २४ सप्टेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस माढा तालुक्यात पाहणीला आले.

रील्सवर या पुराचे व्हिडिओ फिरले, बातम्यांत ‘अभूतपूर्व’ हा शब्द आला आणि आठवडाभरात विषय मागे पडला. पण वर्षातले आठ महिने जेमतेम वाहणाऱ्या नदीत इतकं पाणी आलं कुठून? आणि हे पुन्हा होऊ शकतं का? चिंचोळीत कामाला जाणाऱ्या माणसासाठी आणि सीनेकाठी ऊस लावणाऱ्यासाठी हा प्रश्न संपलेला नाही.

आधी ही नदी कुठून येते ते बघू

सीना ही भीमेची उपनदी. ती उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. अहमद निजामशहानं १४९० मध्ये वसवायला घेतलेलं अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हे सीनेकाठचंच शहर. तिथून नदी दक्षिणेला निघते, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या कडेकडेनं येते आणि करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर असे तालुके ओलांडत कुडल इथं भीमेला मिळते.

हा संगम म्हणजे हत्तरसंग कुडल. हरिहरेश्वर मंदिर आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग यासाठी ते ओळखलं जातं. इथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख सापडला आहे. तारीख असलेल्या सगळ्यात जुन्या मराठी शिलालेखांमध्ये तो गणला जातो. थोडक्यात, ज्या नदीला आज ‘ओढा’ म्हणून हिणवलं जातं, तिच्या काठी हजार वर्षांपूर्वी लोक मराठी दगडावर कोरत होते.

नकाशा उघडून बघितला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. सोलापूर शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला सीना एखाद्या खंदकासारखी आहे. पुण्याला जायचं तर लांबोटीला ती ओलांडायची, मंगळवेढा-कोल्हापूरकडे जायचं तर तिऱ्ह्याला, विजयपूरला जायचं तर हत्तूर-वडकबाळच्या पट्ट्यात. रेल्वेनं मुंबई गाठायची तरी पाकणीजवळ तीच नदी. त्यामुळे सीना भरून आली की शहरात पाणी न शिरताही सोलापूरच्या बाहेर पडायच्या वाटा आखडतात.

चिंचोळी एमआयडीसी या खंदकाच्या अगदी तोंडावर आहे. रसायनं, औषधं, कापड, इंजिनिअरिंग अशी सगळ्या प्रकारची युनिट्स इथं आहेत. शेजारच्या पाकणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत, जिथून पेट्रोल-डिझेलचे टँकर निघतात. वसाहत कागदोपत्री मोहोळ तालुक्यात, पण मोहोळ नदीच्या पलीकडे. मोहोळकडच्या गावातून रोज मोटारसायकलवर शिफ्टला येणाऱ्या कामगारासाठी लांबोटीचा पूल बंद म्हणजे त्या दिवसाचा खाडा. कंत्राटी कामगार असेल तर खाडा म्हणजे पगार कट. कच्चा माल पुलाच्या अलीकडे, ट्रक पलीकडे, अशी अवस्था झाली की मालकाचंही गणित बिघडतं. पुराच्या पंचनाम्यात मात्र हा तोटा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

नदी की कालवा?

सीनेचं आजचं वागणं समजून घ्यायचं तर तिचे दोन स्वभाव वेगळे करून बघावे लागतात.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात. एवढ्या पावसावर सीना बारमाही वाहणं शक्यच नाही. तरी तिच्या काठावर मैलोन्‌मैल ऊस उभा दिसतो. कारण नदीत अडवलेलं पाणी आणि बाहेरून आणलेलं पाणी.

अडवलेलं पाणी म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांना गावात नुसतं ‘केटी’ म्हणतात. या बंधाऱ्याच्या खांबांमध्ये खाचा असतात. पावसाळ्याचा जोर ओसरला की त्या खाचांत बर्गे, म्हणजे लोखंडी दारं बसवायची आणि मागे पाणी साठवायचं. पुढचा पावसाळा यायच्या आत दारं काढून घ्यायची. सीनेवर असे बंधारे एकामागोमाग एक आहेत. दोन बंधाऱ्यांच्या मध्ये जे साचतं, ते नदीपेक्षा तळ्यांची माळ जास्त वाटतं.

बाहेरून आणलेलं पाणी म्हणजे उजनीचं. भीमा-सीना जोड कालवा आणि बोगद्यातून उजनी धरणाचं पाणी सीनेच्या पात्रात सोडलं जातं. त्या पाण्यावर हे बंधारे भरतात आणि खालच्या गावांची शेती तगते. ‘सीनेत पाणी सोडा’ ही मागणी माढा-मोहोळच्या राजकारणात दर उन्हाळ्यात उठते ती याचमुळे. आवर्तन कधी सुटणार, आपल्या बंधाऱ्यापर्यंत पोचणार की वरच्यांच्या मोटारीच ते खेचून घेणार, यावर गावोगावी वाद होतात.

उजनीचीही खात्री नसते. ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त साठा मृतसाठा धरला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तर धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. अशा वर्षी सीनेच्या वाट्याला काय येणार हे वेगळं सांगायला नको.

तर वर्षातला बराचसा काळ सीना ही नदी कमी आणि कालवा जास्त असते. कालव्याला लोक घाबरत नाहीत. म्हणून मोटारी, पाइपलाइन, केबल, गुरांचे गोठे, वस्त्या हळूहळू काठाच्या खाली उतरत गेल्या. पात्रातली गाळपेर जमीन नांगराखाली आली. वाळू उपशानं काही ठिकाणी पात्र खोल झालं, काही ठिकाणी काठ पोखरले गेले. वाळूची सरकारी धोरणं बदलत राहिली. २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासनं डेपोतून वाळू देण्याची घोषणा झाली, २०२५ मध्ये पुन्हा नवं धोरण आलं. पात्रातून वाळू काढली की नदीचा काठ ढासळतो हे मात्र कुठल्याच धोरणानं बदललं नाही.

आणि मग एका सप्टेंबरात कालव्याला आठवतं की आपण नदी आहोत.

धरणं होती ना? मग पूर कसा आला?

पूर आला की व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज येतो तो ‘धरणवाल्यांनी एकदम पाणी सोडलं’ असा. यात तथ्य किती?

सीनेवर करमाळा आणि परंडा तालुक्यांच्या हद्दीवर सीना-कोळेगाव धरण आहे. परंडा भागातले चांदणी आणि खासापुरी हे प्रकल्पही आपलं जास्तीचं पाणी शेवटी सीनेकडेच पाठवतात. खाली आलं की बार्शीकडून येणारी भोगावती मोहोळ तालुक्यात सीनेला मिळते. २०२५ च्या सप्टेंबरात अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सोलापूर या सगळ्याच भागात एकाच वेळी अतिवृष्टी झाली. म्हणजे सगळे नळ एकाच बादलीत सुटले.

आता थोडं गणित. नदीचा प्रवाह क्युसेकमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. नदीत एक लाख क्युसेकनं पाणी येत असेल तर दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी होतं. सीना-कोळेगाव धरणाची पूर्ण क्षमता आहे सुमारे पाच टीएमसी. हे धरण अगदी कोरडं ठाक असतं, तरी लाख क्युसेकच्या प्रवाहानं ते चौदा-पंधरा तासांत काठोकाठ भरलं असतं. पुढे येणारं पाणी जसंच्या तसं खाली सोडण्याशिवाय पर्याय नाही. मोठा पूर पोटात घेण्याएवढं हे धरण मोठंच नाही.

मग धरण चालवणाऱ्यांचा काहीच दोष नाही का? इथं गोष्ट जरा किचकट होते. सोलापूर भागात जून-जुलैपेक्षा सप्टेंबरात जास्त पाऊस पडतो. परतीच्या वाटेवरचा मान्सून इथला खरा दाता. तोपर्यंत धरण भरत आणलेलं असतं, कारण भरलं नाही तर पुढच्या मे महिन्यात प्यायला पाणी नाही. ऑगस्टअखेर धरण पाव रिकामं ठेवलं आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर त्या अधिकाऱ्याला जिल्ह्यात फिरणं मुश्किल होईल. भरून ठेवलं आणि ढगफुटीसारखा पाऊस आला, तर पूर. दुष्काळी भागातली धरणं नेहमी ‘भरून ठेवा’ या बाजूला झुकतात आणि ते स्वाभाविकही आहे.

झुकण्याची ती किंमत कमी करता येते ती पूर्वसूचनेनं. वरच्या भागात किती पाऊस झाला, त्याचं पाणी लांबोटीला किती तासांनी आणि किती उंचीनं येईल, हे गावाला आधी कळलं तर जनावरं सोडता येतात, मोटारी वर काढता येतात, कारखान्यांना शिफ्ट आणि टँकर यांचं नियोजन बदलता येतं. ‘विसर्ग वाढवून इतके हजार क्युसेक करण्यात आला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हा मेसेज तेवढ्यासाठी पुरेसा नाही. क्युसेकचा आकडा वाचून आपल्या गोठ्यात किती फूट पाणी येईल हे कुणाला कळणार?

त्यात नदी चार जिल्ह्यांची, पण जिल्हा प्रशासन चार. पाऊस एका जिल्ह्यात, धरण दुसऱ्याच्या हद्दीवर, पूर तिसऱ्यात. स्वीडनसारख्या देशात पाण्याचा कारभार पाच जलजिल्ह्यांमध्ये वाटलेला आहे आणि या जलजिल्ह्यांच्या सीमा नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखल्या आहेत. खाली लहान नद्यांसाठी स्थानिक पातळीवर पाणी परिषदा आहेत, ज्यात शेतकरी, पालिका आणि उद्योग एका टेबलावर बसतात. आपल्याकडे कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ पासून आहे, पण ते मुळात धरणं-कालवे बांधण्यासाठी. लांबोटीचा शेतकरी, चिंचोळीचा कारखानदार आणि परंड्याचा शाखा अभियंता एकत्र बसतील असं टेबल सीनेकाठी नाही.

खालच्या टोकाला आणखी एक अडचण असते. भीमेलाही त्याच वेळी पूर असेल तर कुडलला सीनेचं पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबतं. वडकबाळ, हत्तूर भागात पाणी चढतं त्यामागे हा फुगवटाही असतो.

खरडून गेलेल्या जमिनीचा हिशोब

घरातला चिखल काढता येतो. पीक गेलं तर पुढचा हंगाम असतो. पण सीनेकाठच्या अनेक शेतांतली मातीच वाहून गेली आणि खाली मुरूम-दगड उघडे पडले. पुराचा सगळ्यात लांबणारा परिणाम हाच आहे.

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपये हेक्टर अशी तरतूद सांगितली गेली. गाळानं भरलेल्या विहिरीसाठी ३० हजार रुपये. ऐकायला आकडा मोठा वाटतो. जमिनीवर ठेवून बघू.

एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, सुमारे १ लाख ७ हजार चौरस फूट. त्यावर फक्त एक फूट माती पुन्हा पसरायची म्हटलं तर १ लाख ७ हजार घनफूट माती लागेल. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. म्हणजे जवळपास १,०७६ ब्रास. पाच ब्रासचा एक हायवा धरला तर २१५ खेपा.

रोख आणि रोजगार हमी मिळून होतात ३ लाख ४७ हजार. भागाकार केला तर एका ब्रासला सव्वातीनशे रुपयांच्या आत. यात माती विकत घ्यायची, खोदायची, भरायची, आणायची, पसरायची आणि डिझेलही घालायचं. त्यातली ३ लाखांची रक्कम हातात रोख येत नाही, ती योजनेतल्या कामाच्या रूपात येते. आणि मुळात शेकडो हेक्टरवर टाकायला काळी माती आणायची कुठून? कुठल्या तरी तलावातून गाळ काढावा लागेल, ते तलाव त्या वेळी भरलेले. म्हणजे काम उन्हाळ्यापर्यंत लांबणार आणि तोवर एक रब्बी हंगाम हातचा जाणार.

हे पॅकेज फसवं होतं असा याचा अर्थ नाही. नेहमीच्या निकषांपेक्षा ते जास्तच होतं. पण एक फूट सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि तिची भरपाई कुठल्याही तिजोरीला परवडत नाही, हे या हिशोबातून दिसतं.

प्रदूषणाचं काय?

नदी आणि एमआयडीसी शेजारी म्हटलं की कमेंट बॉक्समध्ये निकाल आधीच लागलेला असतो. इथं जरा थांबून बघायला हवं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. महाराष्ट्रात सर्वाधिक, ५३ पट्टे होते आणि सीना त्यात होती. पण ही यादी बीओडी या एका मापावर ठरते. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, ते हे माप सांगतं. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा प्रदूषित. बीओडी मुख्यतः सांडपाण्यानं वाढतो. सोलापूर शहरातल्या नाल्यांचा उतार शेवटी सीनेकडे आहे.

उदाहरण आदिला नदीचं. हिप्परग्याचा एकरुख तलाव ब्रिटिशांनी १८७१ मध्ये याच आदिलेवर बांधला. तलावाच्या खाली शहरात येईपर्यंत आदिलेचा नाला होतो. सोलापुरात नव्यानं राहायला आलेल्या कित्येकांना ती नदी आहे हेच माहीत नसतं, तलाव ओसंडला आणि पाणी घरात आलं की कळतं.

म्हणजे बोट फक्त कारखान्यांकडे दाखवणं चूक. पण त्यामुळे कारखाने सुटतात असंही नाही. रसायनांचा अंश बीओडीत पुरता दिसत नाही, त्यासाठी सीओडी आणि इतर चाचण्या लागतात. आणि लहान नदीचा प्रश्नच वेगळा. मोठ्या नदीत थोडं सांडपाणी मिसळलं तर ते पातळ होतं. सीनेत एप्रिलमध्ये पातळ करायला पाणीच नसतं. बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात जे पडेल ते तिथंच राहतं, तिथूनच शेजारच्या विहिरीत झिरपतं.

नदीपासून किती अंतरावर कुठल्या प्रकारचा उद्योग चालेल, हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्रात होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झालं. उद्योगांना अडथळा होतो आणि प्रदूषण रोखायला इतर कायदे आहेतच, असा युक्तिवाद होता. आता प्रत्येक उद्योगाच्या परवान्यातल्या अटींवर मदार आहे. त्या अटी पाळल्या जातात का हे तपासणारं मनुष्यबळ प्रदूषण मंडळाकडे नेहमीच तोकडं असतं.

आता पुढे काय बघायचं?

पूररेषा हा शब्द पुढच्या काळात कानावर पडेल. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर. शहरांजवळ या रेषांवरून भांडणं होतात, गावांजवळ बहुतेकदा रेषेचा विषयच निघत नाही. २०२५ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं याच्या खुणा सीनेकाठच्या भिंतींवर आहेत. त्या रंगाखाली जाण्याच्या आत मोजून घेतल्या तर नव्या रेषेला खरा आधार मिळेल.

दुसरं, बंधाऱ्यांची दारं. पुरात बंधाऱ्यांच्या बाजूचे भराव खचले की पाणी बंधाऱ्याला वळसा घालून शेतातून वाट काढतं. हे भराव दुरुस्त झाल्याशिवाय दारं टाकण्यात अर्थ नसतो आणि दारं टाकली नाहीत तर उन्हाळ्यात बंधारा कोरडा. म्हणजे पुरात माती गमावलेल्या शेतकऱ्यालाच मे महिन्यात पाणीही मिळणार नाही, अशी वेळ येऊ शकते. या दुरुस्तीला किती निधी आला आणि किती बंधारे झाले, हा प्रश्न पालकमंत्र्यांना विचारण्यासारखा आहे.

आणि लांबोटीचा पूल. सोलापूरच्या पश्चिमेची बहुतेक जड वाहतूक या एका ठिकाणाहून जाते. तो बंद पडला तर चिंचोळीतल्या टँकरांनी कुठून जायचं, मोहोळच्या कामगारांनी शिफ्ट कशी गाठायची, याचा पर्यायी आराखडा पुढच्या सप्टेंबरच्या आधी कागदावर यायला हवा. सध्या पुलावरून पुन्हा गाड्या धावतायत, पलीकडे चिवड्याची दुकानं उघडी आहेत आणि खाली पात्रात मोटारी पुन्हा उतरल्या आहेत.